सड्यावर बर्फाची तयारी

पत्र नवरात्रानंतर आले. लिहिणारी माझी मुंबईच्या कॉलेजातली मैत्रीण, पारशी घरातली. तिचे वडील दर नाताळात कुटुंबाला घेऊन काश्मीरात गुलमर्गला जात आणि तिथे पायांना लाकडी फळ्या बांधून बर्फावरून घसरत. त्या वर्षी तिला दोन मैत्रिणी बरोबर नेण्याची परवानगी मिळाली होती आणि त्यांतली एक मी होते. पत्रात वडिलांची स्वतंत्र चिठ्ठी होती, दोन ओळींची. पालकाची लेखी संमती हाती आल्याशिवाय आपण कुणाचीही मुलगी मुंबईबाहेर नेणार नाही, असे त्यांनी कळवले होते.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. बी.ए.ची परीक्षा उन्हाळ्यात झाली होती. रत्नागिरीला घरी माझ्यासाठी स्थळे पाहणे चालू होते, आणि त्या कामात माझा वाटा पोह्यांच्या बशा नेऊन ठेवण्यापुरता होता. वडील मी नऊ वर्षांची असताना वारले. तेव्हापासून घर काका चालवत. ते वडिलांचे धाकटे भाऊ, कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. कारण दिल्याशिवाय अर्ज फेटाळायचा नाही, हा नियम त्यांनी नोकरीत पाळला आणि घरातही पाळत.

ओसरीवर झोपाळ्यात बसून त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"अगो, बर्फ आजाऱ्याच्या डोक्यावर ठेवतात," ते म्हणाले. "त्याच्यावर माणूस उभा राहतो हे आज कळलं."

"साहेब लोक राहतात. पारशी राहतात."

"साहेबाचा पाय मोडला तर साहेबाला पेन्शन आहे. तुझा मोडला तर? लंगडी मुलगी दाखवायला काढू?"

"नाही जाऊ द्यायचं तर नाही म्हणा."

हे त्यांना लागले. नुसते नाही म्हणणारा माणूस, असे कुणी म्हटलेले त्यांना खपत नसे. झोपाळा पायाने थांबवून ते म्हणाले, "मी नाही म्हणणार नाही. मिरजोळ्याच्या वाटेवर सड्याचा जो उतार आहे ना, त्यावरून त्या फळ्या बांधून उभ्यानं खाली ये. एकदाही न पडता. देवदिवाळीला मी स्वतः बघायला येतो. आलीस तर सही करीन. पडलीस तर हे पत्र चुलीत."

"फळ्या कुठून आणू?"

"ते त्या पारश्याला विचार."

गावाच्या वर जांभ्याचे सपाट पठार आहे, त्याला आम्ही सडा म्हणतो. पावसाळ्यानंतर त्यावरचे गवत पिवळे पडते आणि वाळले की गुळगुळीत होते. पोफळीची झावळी गळते तेव्हा तिच्या बुडाची रुंद विरी बरोबर पडते. त्या विरीवर बसून आम्ही लहानपणी हा उतार घसरत आलो होतो. काकांनाही ते ठाऊक होते. बसून उतरणे आणि उभ्याने उतरणे यांतले अंतर लक्षात घेऊनच त्यांनी अट घातली होती. देवदिवाळीला सव्वा महिना उरला होता.

मी मैत्रिणीला लिहून फळ्यांची मापे मागवली. आठ दिवसांत उत्तर आले. हात वर केला की मनगटापर्यंत पोचेल एवढी लांबी, चार बोटे रुंदी, पुढचे टोक वर वळलेले, तळाला मधोमध एक उभी खाच. सोबत एक आकृती आणि उतरण्याच्या सूचना: गुडघे वाकवावेत, वजन पुढे ठेवावे, वेग कमी करायचा तर फळ्यांची मागची टोके एकमेकांपासून दूर सारावीत. हा कागद घेऊन मी भाट्याच्या खाडीवर गेले. तिथे होड्या बांधणारे एक मेस्त्री होते. वडिलांशी त्यांची ओळख होती.

"ह्ये काय, बाय? पाळन्याच्या फळ्या?"

"पायात बांधायच्या. बर्फावर घसरायला."

मेस्त्री हसले नाहीत. त्यांनी बर्फ पाहिला होता. तरुणपणी ते आगबोटीवर सुतार होते आणि एका हिवाळ्यात त्यांची बोट उत्तरेच्या कुठल्याशा बंदरात गोठून अडकली होती.

"धक्क्यावर उतरलो, दुसऱ्या पावलाला आपटलो," ते म्हणाले. "गोदीतल्या बाया पोट धरून हसल्या. बर्फावर माजा तवापासून राग हाय. द्या तो कागद."

त्यांनी सागाच्या दोन फळ्या निवडल्या, पुढची टोके ओल्या गोणपाटात गुंडाळली, नारळाच्या सोडणांच्या विस्तवावर शेकली आणि खुंट्यांमध्ये अडकवून वाकवली. होडीची फळी अशीच वाकवतात. पायांसाठी चामड्याचे पट्टे चांभाराकडून आले. हातातल्या काठ्या बांबूच्या केल्या. काठी बर्फात रुतू नये म्हणून खाली चकती लागते, असे पत्रात होते. मेस्त्रींनी तिथे नारळाची करवंटी भोक पाडून बसवली.

बाराव्या दिवशी मी फळ्या आणायला गेले. त्या देखण्या होत्या. उलट्या करून पाहिल्यावर मात्र तळाला खाच दिसली नाही. तिच्या जागी बोटभर उंचीची लाकडी पट्टी टोकापासून टोकापर्यंत ठोकलेली होती. होडीच्या तळाला असा उभा कणा असतो, त्याला पठाण म्हणतात. होडी सरळ चालते ती त्याच्यामुळे.

"मेस्त्री, मी खाच सांगितली होती."

"सांगितलीत ना. पन कागद लिवनारा चुकला असंल. पोटात खाच घेऊन कोन सरळ जातो? आजवर येवढ्या होड्या सोडल्या, येक वाकडी गेली नाय."

"ही होडी नाही."

"पुढं सरकते ना? मग होडीच."

वाद घालण्यात एक सकाळ गेली असती. मी फळ्या डोक्यावर घेऊन सड्यावर गेले, बांधल्या आणि निघाले. चार हातांवर पठाण मातीत घुसली. फळ्या जागेवर राहिल्या आणि मी पुढे गेले. कपाळ जांभ्यावर आपटले. रक्त थांबल्यावर मी तशीच खाडीवर परत गेले.

मेस्त्रींनी आधी फळ्या पाहिल्या, मग कपाळ.

"माती कितपत शिरली?"

"कपाळात की फळीत?"

"दोनी ठिकानी."

त्यांनी रंधा घेतला. पट्टी काढली, खाच पाडली, तळ घासून आरशासारखा केला. "पन ध्यानात ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, "पठान मी तुमच्या सांगन्यावरनं काढली."

त्यानंतर मी रोज सकाळी सड्यावर जाऊ लागले. कॉलेजात असताना मी गोल पातळ नेसायला लागले होते. त्यात पाऊल हातभरही फाकत नसे. दुसऱ्या दिवशी आईचे नऊवारी लुगडे मागून घेतले आणि कासोटा मारला. आई मला नेसताना पाहत होती. तिने येऊन मागचा कासोटा ओढून घट्ट केला.

"कॉलेजानं सोडायला लावलं ते बर्फानं नेसायला लावलं," ती म्हणाली. एवढेच. जा किंवा जाऊ नको, यांतले काहीच तिने तोवर म्हटले नव्हते.

पहिल्या दिवशी मी सतरा वेळा पडले. दुसऱ्या दिवशी एकोणीस वेळा. चौथ्या दिवशी फळ्या आडव्या ठेवून एकेक पाऊल टाकत चढ चढणे जमले. आठव्या दिवशी मागची टोके फाकवून वेग तोडता आला. उताराची लांबी एकशे चाळीस पावले होती. शंभराव्या पावलाच्या आसपास डाव्या अंगाला उघडा कातळ होता, म्हणून तिथे उजवीकडे वळणे भाग होते. पाय बाहेरून सोलले गेले. वाळल्या गवताची कुसळे लुगड्यात शेकड्यांनी अडकत. आई संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की लुगडे मांडीवर घेऊन ती एकेक करून काढत बसे.

गवताचे भारे घेऊन उतरणाऱ्या बायका रोज भेटत. त्यांच्यातली एक वयस्क बाई भारा डोक्यावर तसाच ठेवून थांबे.

"काय गो बाय, बीए होऊन शेवटाक घसरायचंच व्हतं?"

"तुम्ही चालत उतरता, म्हणून तुम्हाला उशीर होतो."

"उतर, उतर. पन बेतानं. खाली गडगा हाय, नवरा न्हाय कवळून धरायला."

बाकीच्या भारे हलेपर्यंत हसल्या. दुसऱ्या दिवशी मी त्या दगडी गडग्याच्या अलीकडे पाच पावलांवर थांबून दाखवले. तीच बाई म्हणाली, "आता नवरा बी असाच थांबव." त्या बायकांना मी तेव्हाही दोष दिला नाही. त्या जे बोलत ते तोंडावर बोलत. गावात जे बोलले जाई ते काकांच्या कानी जाई आणि जेवताना माझ्या ताटापर्यंत येई. कुणाची तरी मुलगी सड्यावर माकडासारखी उड्या मारते, असे वाचनालयात निघाले होते. काका हे सांगत आणि पुढचा घास घेत. मी वाढलेले सगळे जेवत असे, कारण सकाळी चढ चढायचा असे.

त्याच दिवसांत लांज्याहून एक स्थळ आले. आदल्या दिवशी माझी हनुवटी सोलली होती. मुलाच्या आईने बशी घेता घेता विचारले, "हनुवटीला काय झालं हो हिच्या?"

"पायरीवरून घसरली," काका म्हणाले.

"सड्यावरून," मी म्हणाले. "रोज घसरते."

त्या बाईंनी पोहे संपवले, निरोप घेतला आणि पुढे कळवले नाही. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी त्या दोन दिवसांत उतार बावीस वेळा उतरले.

देवदिवाळीच्या आधीचे तीन दिवस मी एकदाही पडले नाही. आदल्या दिवशी दुपारी मेस्त्री घरी आले आणि फळ्या घेऊन गेले. तळावर शेवटचा रंधा फिरवायचा आहे, असे म्हणाले. मी दिल्या.

देवदिवाळीच्या सकाळी घरात घावने आणि नैवेद्य झाल्यावर काका छत्री घेऊन निघाले. मागोमाग आई निघाली. ती येईल असे ठरले नव्हते. काकांनी एकदा मागे वळून पाहिले आणि पुढे चालू लागले. मेस्त्री सड्यावर आधीच येऊन बसले होते. फळ्यांच्या वळलेल्या टोकांना हळदकुंकू लावलेले होते, समोर नारळ फोडलेला होता, आणि तळ होड्यांना लावतात त्या उंडीच्या तेलाने माखलेला होता. त्या तेलाचा कडवट वास दहा हातांवरून येत होता.

"हे काय केलंत, मेस्त्री?"

"नवी होडी कोरडी सोडत न्हाईत, बाय. तुमचा आज पयला दिवस. राती दोन हात दिले, सकाळी येक."

इतके दिवस मी कोरड्या फळ्यांवर शिकले होते. तेल पुसायला हवे होते. मी पुसले नाही. ज्या माणसाने रात्री दोन हात दिले होते त्याच्यासमोर ते पुसवले नाही, हे एक कारण. तेलाने काय फरक पडणार, असे वाटले, हे दुसरे.

फरक पडला. दहाव्या पावलाला मी नेहमीच्या तिसाव्या पावलाच्या वेगात होते. वळण्याची तयारी मी रोज एका वाकड्या करवंदीच्या जाळीपाशी करत असे. त्या दिवशी जाळी दिसली तेव्हा ती मागे गेली होती. मी मागची टोके फाकवली, तरी फळ्या धरल्या नाहीत. मी पडले. डाव्या कुशीवर, कातळाच्या अलीकडे सहा पावलांवर.

खाली आईजवळ उभ्या असलेल्या काकांनी छत्री मिटली. "झालं," ते म्हणाले. "विषय संपला."

मेस्त्री धावत खाली आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "चूक माजी हाय, रावसाहेब. त्याल मी लावलं. पोर कोरड्यावर शिकलेली."

"तेल कुणी लावलं हे मी विचारलेलं नाही. पडली की नाही?"

"पडले," मी म्हणाले.

"मग झालं."

मी पट्टे सोडले, फळ्या खांद्यावर टाकल्या आणि वर चढू लागले.

"आता कशाला?" काका खालून ओरडले. "अट एकदाची होती."

"तुमच्यासाठी नाही जात."

वर जाऊन फळ्या पुन्हा बांधल्या. तेल आताही पुसले नाही. या वेळी जाळीच्या पंधरा पावले आधी वळायला घेतले. वेग आधीपेक्षा जास्त होता, कारण तळाखालचे गवत आता तेलाने ओले झाले होते. कातळ डाव्या हाताला निघून गेला. गडग्याच्या अलीकडे दोन पावलांवर मी उभी राहिले. मेस्त्रींनी डोक्यावरचे फडके काढून हवेत फिरवले. काका पाठ वळवून वाटेला लागले होते, आणि त्यांनी हे उतरणे पाहिले की नाही ते त्यांनी कधीच सांगितले नाही. आई जागची हलली नव्हती. ती गडग्यापाशी उभी राहून, मी मघाशी पडले होते तिथपासून आता थांबले होते तिथपर्यंतच्या गवताकडे पाहत होती.

घरी आल्यावर काकांनी कपाटातून मैत्रिणीचे पत्र काढले आणि ते स्वयंपाकघराकडे निघाले. बोलल्याप्रमाणे करण्यात त्यांनी कधी दिरंगाई केली नाही. आई माजघराच्या दारात आली.

"भावोजी, चिठ्ठी द्या इकडे."

"वहिनी, अट तिनं मान्य केली होती."

"तिनं केली. ती हरली. मी कुठं काही मान्य केलं होतं?"

"या घरात सही माझी चालते."

"चालते की. पण तुमची अट होती, ती तिला पुरी करता आली नाही. तेव्हा तुमची सही नको. माझी अट नव्हती."

शिरस्तेदाराच्या डोक्याने काकांनी या बोलण्यात खोट शोधून पाहिली असावी. ती त्यांना सापडली नाही. त्यांनी पत्र आईच्या हातात दिले नाही, झोपाळ्यावर ठेवले. आईने ते उचलले, त्यांचीच दौत ओढून घेतली आणि चिठ्ठीच्या पाठीमागे मोडीत चार ओळी लिहिल्या. तिला अक्षर तिच्या वडिलांनी शिकवले होते. मी तिला वाणसामानाच्या यादीपलीकडे काही लिहिताना पाहिले नव्हते. तिने हळू लिहिले, एकदाही खोडले नाही, आणि खाली स्वतःचे पूर्ण नाव घातले.

"मोडी त्या पारश्याला लागणार आहे का?" काका म्हणाले.

"न लागू दे. ही त्याच्या कानावर घालील काय लिहिलंय ते. खाली आईचं नाव आहे, एवढं पुरे."

"पाय मोडून आली तर?"

"तर बसवून खायला घालीन. पोहे कमी लागतील."

मग ती माजघरात गेली आणि माझ्या वडिलांचा बनातीचा काळा कोट घेऊन आली. कोटाच्या बाह्या आखूड केलेल्या होत्या, कंबर आत घेतलेली होती आणि आतून जुन्या शालीचे अस्तर लावलेले होते. एका दिवसाचे ते काम नव्हते.

"कधी केलंस हे?" मी विचारले.

"तू कपाळ फोडून आलीस त्या दिवशी उसवायला घेतला."

"म्हणजे मी पडले नसते तरी, पडले असते तरी..."

"घालून बघ. खांद्यात दाटतो का?"

खांद्यात दाटत नव्हता.

मैत्रिणीच्या वडिलांनी चिठ्ठी स्वीकारली. मोडी वाचणारा एक कारकून त्यांच्या पेढीवर निघाला, असे मैत्रिणीने कळवले. नाताळच्या आठ दिवस आधी मी मांडवीच्या बंदरावर आगबोटीसाठी गेले. बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत नेत. काका आले नाहीत. मेस्त्रींनी फळ्या गोणपाटात शिवून पडावात चढवल्या आणि पडावाच्या तांडेलाला बजावले की या आडव्या ठेवायच्या, वर कुणी बसायचे नाही. आत तेलाची बाटलीही घातली होती. ती मी तिथेच त्यांना परत दिली. त्यांनी ती खिशात टाकली.

आई धक्क्यावर उभी होती. आजूबाजूला हमाल होते, मुंबईच्या गिरण्यांत परत निघालेले चाकरमानी होते, टोपल्या होत्या. निरोपाच्या वेळी बाकीच्यांच्या घरच्या बाया डोळे पुसत होत्या. आईने पदर खोचलेला होता.

"पोचल्यावर पत्र टाक," ती म्हणाली. "आणि पडलीस तर पडले असं लिही. किती वेळा तेही लिही."

"कशाला?"

"भावोजी विचारणार. खोटं मी वाचून दाखवणार नाही, आणि खरं सांगायला मला भीती नाही."

पडाव सुटला. गुलमर्गच्या पहिल्या तीन दिवसांत मी एकतीस वेळा पडले. तो आकडा मी पत्रात पहिल्याच ओळीत घातला. पुढे मेस्त्रींकडून कळले की आईने ते पत्र ओसरीवर, काका झोपाळ्यात असताना, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचले.